पॉइंट म्हणजे नेमकं काय?

लोणावळा स्टेशनाबाहेर उभं राहून कुणालाही विचारा, ‘इथं पाहण्यासारखं काय आहे?’ उत्तरात एकच शब्द चार-पाच वेळा येईल. टायगर पॉइंट, लायन्स पॉइंट, राजमाची पॉइंट, सनसेट पॉइंट. आणि शेवटी सल्ला, ‘सगळे पॉइंट करायचे असतील तर गाडीच करा.’ आमच्या मावळात हा शब्द इतका रुळला आहे, की त्याचा अर्थ विचारायचं कुणाला सुचत नाही. आज त्याच्याविषयीच थोडं बोलू या.

शब्द इंग्रजी असला, तरी त्याचं मूळ लॅटिनमध्ये आहे आणि ते ‘टोचणं’ या क्रियेशी जोडलेलं आहे. टोचलं की दोन गोष्टी आल्या. एक, टोचल्यावर उमटणारी खूण. तिच्यापासून ठिपका, बिंदू, अपूर्णांकातलं दशांशचिन्ह, खेळातला गुण आणि चर्चेतला मुद्दा असे अर्थ निघाले. दुसरी गोष्ट म्हणजे जे टोचतं ते टोक. सुईचं, पेन्सिलीचं, आणि पुढे समुद्रात घुसलेल्या जमिनीचंही. मुंबईचा मलबार पॉइंट हे असं टोक आहे. इंग्रज डोंगरावर हवा खायला आले तेव्हा हा शब्द त्यांच्याबरोबर घाट चढला आणि माथेरान, महाबळेश्वर, खंडाळा इथल्या कड्यांच्या टोकांना चिकटला.

उर्दूत या अर्थांची वाटणी मला फार सुरेख वाटते. ठिपका तो नुक़्ता आणि बोलण्यातला बारीक मुद्दा तो नुक्ता. ऐकायला जवळजवळ सारखे, पण लिहायला वेगळे शब्द. त्या लिपीत एक ठिपका वरचा खाली गेला, तर ‘ख़ुदा’चा ‘जुदा’ होतो. एवढ्याशा टिंबाला किती वजन असतं, हे लिहिणाऱ्या माणसाला लहानपणीच कळतं.

इंग्रजीत ‘पॉइंट’ हे मोजता येणारं नाम आहे. एक पॉइंट, अनेक पॉइंट्स. पण ‘देअर इज नो पॉइंट इन गोइंग’ या वाक्यात ना ठिपका आहे, ना टोक. तिथं त्याचा अर्थ आहे ‘हशील’. जाण्यात काही हशील नाही. या अर्थानं तो शब्द मोजता येत नाही, म्हणून त्याचं अनेकवचनही होत नाही.

मराठीत आल्यावर मात्र त्याला आपलं व्याकरण पाळावं लागलं. आपण त्याला पुल्लिंगी केलं. तो पॉइंट, तुझा पॉइंट. ‘मुद्दा’ आणि ‘बिंदू’ हे पुल्लिंगी भाऊ आधीच घरात होते, त्यांच्या पंगतीला तो बसला असावा. परक्या शब्दाचं लिंग आपण बहुधा असंच ठरवतो. गाडी स्त्रीलिंगी, म्हणून बस आणि लोकलही स्त्रीलिंगी. गंमत पाहा, भुशीचं धरण ‘भरलं’, पण भुशी डॅम ‘भरला’. पाणी तेच, भिंत तीच. नाम बदललं की क्रियापद बदललं.

अनेकवचनात आपल्याला ‘पॉइंट्स’ म्हणायची गरज नाही. तीन दगड, तसे तीन पॉइंट. पण प्रत्यय लागताना फरक दिसतो. दगड ‘दगडावर’ होतो. पॉइंट ‘पॉइंटवर’च राहतो. मात्र अर्थ मुद्द्याचा असला, की ‘पॉइंटाचं बोला’ म्हणणारे भेटतात. म्हणजे डोंगरावरचा पॉइंट अजून पाहुणा आहे. वादातला पॉइंट घरचा झाला आहे.

लोणावळा हे रेल्वेचं गाव. इथं या शब्दाचा आणखी एक अर्थ राबतो. गाडी एका रुळावरून दुसऱ्या रुळावर जाते ती जागा म्हणजे ‘पॉइंट्स’, आणि या अर्थानं इंग्रजीत तो बहुतेक वेळा अनेकवचनीच येतो. जुन्या मराठीत त्याला सांधा म्हणत आणि ते काम पाहणाऱ्याला सांधेवाला. एप्रिल २०२१मध्ये वांगणी स्टेशनात मयूर शेळके यांनी धावत्या गाडीसमोरून एका मुलाला वाचवलं, तेव्हा त्यांचा ‘पॉइंट्समन’ हा हुद्दा घरोघरी पोचला.

१८६३मध्ये सुरू झालेल्या बोरघाटाच्या रेल्वेमार्गावर चढ असा आहे, की ३७ फूट पुढे गेलं की १ फूट वर. उतरताना ब्रेक निकामी झाला तर? त्यासाठी घाटात ‘कॅच सायडिंग’ आहेत. मुख्य मार्गापासून फुटून चढावर गेलेला हा आंधळा रूळ. सांधा एरवी त्याच रुळाकडे लावलेला असतो. उतरणारी गाडी आधी थांबते, ती ताब्यात आहे हे दिसतं आणि मगच सांधा मुख्य मार्गाकडे वळतो. सुटलेली गाडी चढावर जाऊन थांबावी, ही त्यामागची योजना. या पॉइंटचा अर्थ आहे : आधी थांबा, मग पुढे जा.

डोंगरावरच्या पॉइंटचा अर्थ आपण उलटा करून ठेवला आहे : या, अजून थोडं पुढे या. आमचे जुने शब्द तसे नव्हते. कडा, सुळका, खिंड, टोक. रायगडावरचं टकमक टोक ऐकूनच पाय मागे सरतो. लोहगडाची लांब चिंचोळी माची म्हणजे विंचूकाटा. तीन कोनांचा तो तिकोना. ज्याला आज ड्यूक्स नोज म्हणतात, ती नागफणी. वेलिंग्टनच्या ड्यूकचं नाक कसं होतं हे इथं कुणाला ठाऊक? पण फणा काढलेला नाग पाहिल्यावर किती अंतरावर उभं राहायचं, हे पोरालाही कळतं.

इंग्रजीत दोन नामं शेजारी ठेवली की काम भागतं. त्यांचं नातं सांगावं लागत नाही. मराठीत ‘चा-ची-चे’ लावून ते सांगावं लागतं. ‘राजमाची पॉइंट’ ऐकून कुणाला वाटतं, आपण राजमाचीवर आलो. खरं तर हे राजमाची दिसण्याचं ठिकाण. किल्ला खोल दरीपलीकडे, अर्ध्या दिवसाच्या चालीवर. ‘राजमाचीचं टोक’ आणि ‘राजमाची दिसते ते टोक’ यांत एक अख्खी दरी आहे, आणि पाटीवरचा शब्द ती झाकून टाकतो.

३० जून २०२४ रोजी भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. त्यानंतर जिल्हा प्रशासनानं पावसाळी पर्यटनस्थळांवर निर्बंध लावले. शब्द माणसाला बुडवत नाही, हे मला समजतं. पाऊस, गर्दी, निसरडा खडक ही कारणं मोठी आहेत. पण जागेचं नाव ही त्या जागेची पहिली सूचना असते. वाफेच्या इंजिनांना पाणी मिळावं म्हणून रेल्वेनं बांधलेलं धरण जेव्हा नुसता ‘स्पॉट’ होतं, तेव्हा डोंगरातून येणाऱ्या ओढ्याला किती जोर असतो, हे त्या नावात उरत नाही.

पॉइंट हा शब्द हाकलून द्या, असं मी म्हणणार नाही. तो आता आपला आहे. त्याच्यावर कित्येक रिक्षावाल्यांची, कणीस भाजणाऱ्या बायकांची चूल पेटते. एवढंच करावं, की प्रत्येक पाटीवर त्याच्याखाली गावातलं जुनं नावही लिहावं. आणि आपण तिथं गेलो, तर कणीस घेताना त्या मावशींना विचारावं, ‘मावशी, या कड्याला तुम्ही काय म्हणता?’ त्या जे नाव सांगतील, त्यात बहुधा कुठपर्यंत जायचं हेही सांगितलेलं असेल.