पाव अश्वशक्तीचे आकाश

आपल्या मराठी डॉक्टरांच्या मंडळाच्या स्मरणिकेत एका बालरोगतज्ज्ञाने विमानांविषयी लिहावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु ज्या विमानांविषयी मी लिहीत आहे, त्यांना इंजिन नसते. आत बसून पेडल मारणारा माणूस हेच त्यांचे इंजिन. त्याचे हृदय, त्याची फुप्फुसे, त्याच्या मांड्यांचे स्नायू आणि त्याच्या रक्तातील साखर हीच त्यांची यंत्रसामग्री. त्यामुळे मनुष्यबळावर उडणाऱ्या विमानांचा इतिहास जेवढा अभियांत्रिकीचा आहे, तेवढाच तो शरीरक्रियाशास्त्राचाही आहे. अनेक वर्षे हा विषय मी केवळ हौसेने वाचत आलो. त्यात माझ्या रोजच्या व्यवसायाशी जोडणारा एक धागा सापडला, तो वाचकांपुढे ठेवावा, हा या लेखाचा हेतू.

बाहू नव्हे, मांड्या

उडण्याची आकांक्षा पुरातन आहे. ग्रीक पुराणकथेतील डीडलस हा कुशल कारागीर क्रीट बेटावरील बंदिवासातून सुटण्यासाठी पिसे आणि मेण यांचे पंख तयार करतो. त्याचा पुत्र इकॅरस सूर्याच्या फार जवळ जातो, मेण वितळते आणि तो समुद्रात पडतो. पंधराव्या शतकाच्या अखेरीस लिओनार्दो दा विंचीने पंख फडफडवणाऱ्या यंत्रांची अनेक रेखाटने केली. या साऱ्या कल्पनांमागे पक्ष्याचे अनुकरण होते.

या स्वप्नाला पहिला शास्त्रीय छेद दिला तो जोव्हान्नी बोरेल्ली या इटालियन विद्वानाने. प्राण्यांच्या हालचालींचे गणित मांडणारा त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, १६८०-८१ मध्ये प्रसिद्ध झाला. पक्ष्याच्या छातीचे स्नायू त्याच्या शरीराच्या मानाने अवाढव्य असतात, माणसाचे तसे नसतात. म्हणून मनुष्य स्वतःच्या बळावर पंख हलवून कदापि उडू शकणार नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. तो अचूक होता. कबुतराच्या वजनाचा सुमारे चौथा हिस्सा उड्डाणाच्या स्नायूंचा असतो. आपले छातीचे स्नायू त्यापुढे नगण्य ठरतात. निसर्गाने माणसाला मोठे स्नायू दिले आहेत ते मांड्यांत आणि नितंबांत. ते चालण्या-धावण्यासाठी आहेत. म्हणजे उडायचे असेल तर हातांनी पंख हलवण्याचा नाद सोडून, पायांनी पेडल मारून प्रोपेलर फिरवणे हाच मार्ग उरतो.

शरीराचा जमाखर्च

आता हिशेब पाहू. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॉट. निरोगी पण सराव नसलेला माणूस दीर्घकाळ सुमारे ७५ ते १०० वॉट शक्ती देऊ शकतो. कसलेला सायकलपटू काही सेकंद एक हजार वॉटच्याही पुढे जातो, परंतु काही तास सलग काम करायचे असेल तर त्याच्याकडूनही दोनशे-अडीचशे वॉटपेक्षा फारशी अपेक्षा करता येत नाही. म्हणजे पाव ते एक-तृतीयांश अश्वशक्ती. आपल्या घरातील मिक्सरची मोटरही यापेक्षा अधिक शक्तीची असते!

शिवाय शरीर हे फार काटकसरी यंत्र नव्हे. आपण खर्च करतो त्या ऊर्जेपैकी जेमतेम पाव हिस्सा पेडलपर्यंत पोहोचतो. उरलेली उष्णता होते. पेडलवर २०० वॉट हवे असतील तर शरीराला ८०० वॉट खर्चावे लागतात आणि ६०० वॉट उष्णता बाहेर टाकावी लागते. ही सारी उष्णता घामावाटे घालवायची म्हटले, तर तासाला जवळजवळ एक लिटर घाम त्वचेवरून वाफ होऊन जावा लागेल. हा आकडा वाचकांनी लक्षात ठेवावा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

पाच हजार पौंडांचे आव्हान

१९५९ मध्ये हेन्री क्रेमर या ब्रिटिश उद्योगपतीने ५,००० पौंडांचे पारितोषिक जाहीर केले. परस्परांपासून अर्धा मैल, म्हणजे सुमारे ८०० मीटर अंतरावर दोन खुणा. त्यांच्याभोवती केवळ मनुष्यबळावर इंग्रजी आठच्या आकड्यासारखा मार्ग उडून पूर्ण करायचा आणि सुरुवातीला व शेवटी जमिनीपासून किमान १० फूट उंच असायचे, अशी अट होती. आठचा आकडा अशासाठी, की विमान डावीकडे आणि उजवीकडे दोन्ही बाजूंना वळते हे सिद्ध व्हावे.

९ नोव्हेंबर १९६१ रोजी साउदॅम्प्टन विद्यापीठातील विद्यार्थ्यांनी बांधलेले 'सम्पॅक' हे विमान डेरेक पिगॉट यांनी सुमारे ६४ मीटर उडवले. स्वतःच्याच बळावर जमिनीवरून उठलेले पहिले अधिकृत मनुष्यचलित विमान म्हणून त्याची नोंद आहे. त्याच महिन्यात हॅटफील्डच्या अभियंत्यांचे 'पफिन' उडाले आणि २ मे १९६२ रोजी जॉन विम्पेनी यांनी त्यातून ९०८ मीटर अंतर कापले. हा विक्रम दहा वर्षे टिकला. पण ही विमाने सरळ उडत, वळताना अडखळत. दोन खुणांभोवतीचा तो मार्ग कोणालाच जमेना. पारितोषिक १९६७ मध्ये १०,००० आणि १९७३ मध्ये ५०,००० पौंडांवर गेले, तरीही ते तसेच पडून राहिले.

मोठे, हलके आणि संथ

कोंडी फोडली ती पॉल मॅक्रेडी या अमेरिकन शास्त्रज्ञाने. हवेच्या लहरींवर तरंगणाऱ्या ग्लायडरचा तो जगज्जेता होता. एका नातलगाच्या व्यवसायासाठी तो जामीन राहिला, व्यवसाय बुडाला आणि सुमारे एक लाख डॉलरचे कर्ज त्याच्या गळ्यात पडले. १९७६ च्या उन्हाळ्यात, कुटुंबासह प्रवासात असताना आकाशात घिरट्या घालणारे ससाणे आणि गिधाडे पाहता पाहता त्याच्या मनात दोन गोष्टींची सांगड बसली: क्रेमर पारितोषिकाची रक्कम आपल्या कर्जाच्या जवळपास आहे, आणि ते मिळवण्याचा एक सोपा मार्ग आहे.

तो मार्ग असा. एखाद्या विमानाची लांबी-रुंदी तिप्पट करावी, पण वजन तेवढेच ठेवावे. पंखांचे क्षेत्रफळ नऊपट झाल्यामुळे तेवढेच वजन पेलायला एक-तृतीयांश वेग पुरतो. हवेचा रोध साधारण तितकाच राहतो. शक्ती म्हणजे रोध गुणिले वेग. अर्थात लागणारी शक्तीही एक-तृतीयांशावर येते. अट एकच, पंख अवाढव्य असूनही वजन वाढता कामा नये. उत्तरायणाला वडोदऱ्याच्या गच्च्यांवर उभे राहणाऱ्या आपल्या मंडळींना हे समजावून सांगायला नको. दोन कामट्या आणि पातळ कागद. वजन जवळजवळ नाही, पृष्ठभाग मात्र मोठा, म्हणून मंद वाऱ्यातही पतंग उचलला जातो.

मॅक्रेडीचे 'गॉसमर काँडर' असेच होते: ॲल्युमिनियमच्या नळ्या, त्यांना ताणून धरणाऱ्या पोलादी तारा, मायलर नावाची पारदर्शक पातळ पटली आणि पंखांच्या पुढच्या कडेला थर्मोकोलसारखा फेस. पंखांचा विस्तार २९ मीटर आणि वजन अवघे ३२ किलो. वेग सायकलचाच. आधीची विमाने सुबक होती, पण एकदा मोडली की दुरुस्तीला महिने जात. काँडर वारंवार पडले. पण पडायचे ते इतक्या हळू की चालकाला इजा होत नसे आणि नळी बदलून, चिकटपट्टी लावून ते लवकरच पुन्हा उडे. अपयश स्वस्त केल्यामुळे प्रयोग पुष्कळ करता आले, यातच त्याच्या यशाचे रहस्य आहे असे मला वाटते.

वळण्याचा प्रश्न मात्र शेवटपर्यंत छळत होता. एवढे लांब पंख वळताना आतल्या बाजूचे टोक फार संथ सरकते आणि त्याचे उत्थापक बल घटते. तारांच्या साहाय्याने पंखाला किंचित पीळ देऊन, आतल्या बाजूचा कोन वाढवून हा तिढा सुटला. २३ ऑगस्ट १९७७ रोजी कॅलिफोर्नियातील शाफ्टर येथे ब्रायन ॲलन या सायकलपटूने तो मार्ग पुरा केला. अठरा वर्षे पडून राहिलेले पारितोषिक अखेर दिले गेले. ते विमान पुढे वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय हवाई व अंतराळ संग्रहालयात विसावले.

खाडीवरची तहान

क्रेमर यांनी लगेच नवे आव्हान दिले: इंग्लिश खाडी ओलांडा, १,००,००० पौंड घ्या. १२ जून १९७९ रोजी ब्रायन ॲलन 'गॉसमर अल्बट्रॉस' घेऊन इंग्लंडच्या फोकस्टनजवळून निघाला. दोन तासांचा प्रवास गृहीत धरून पाणी घेतले होते. समोरून वारा सुटला. पाणी संपले, पायांत गोळे येऊ लागले, रेडिओवरून बोलणे बंद पडले. एका क्षणी त्याने हार मानून खालच्या बोटीला दोर लावण्याची खूण केली. दोर लावता यावा म्हणून विमान थोडे वर घेतले, तर वरची हवा अधिक शांत! त्याने बोटीला बाजूला सारले आणि पेडल मारीत राहिला. २ तास ४९ मिनिटांनी, ३५.८ किलोमीटर कापून तो फ्रान्सच्या किनाऱ्यावर उतरला. यंत्राने दगा दिला नव्हता. शरीरातील पाणी संपत आले होते.

हाच धडा मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेच्या चमूने घेतला. डीडलसच्या कथेतील मार्ग प्रत्यक्ष उडायचा, असा त्यांचा संकल्प होता: क्रीटपासून सांतोरिनी बेटापर्यंत समुद्रावरून ११५ किलोमीटर. विमान कार्बन तंतूंचे, ३४ मीटर विस्ताराचे आणि ३१ किलो वजनाचे. चालकाला शरीराच्या दर किलोमागे सुमारे ३ वॉट शक्ती चार तास द्यावी लागणार होती. येल विद्यापीठातील शरीरक्रियाशास्त्रज्ञ ईथन नेडल यांच्याकडे हा प्रश्न सोपवला गेला. त्यांनी खेळाडूंची प्राणवायू वापरण्याची क्षमता मोजली, तासन्‌तास सायकलवर चाचण्या घेतल्या आणि पाणी, ग्लुकोजची साखळी व थोडे क्षार यांचे पेय ठरवले. मघाशी आपण काढलेला तासाला एक लिटरचा हिशेब आठवावा. घामाने जाणारे तेवढे पाणी चालकाने उडता उडताच पिऊन भरून काढायचे होते.

२३ एप्रिल १९८८ रोजी ग्रीक सायकलपटू कानेलोस कानेलोपुलोस याने ३ तास ५४ मिनिटांत हे अंतर कापले. किनारा काही मीटरांवर असताना समोरच्या झोताने विमानाची शेपटी आणि मग पंख मोडला. विमान पाण्यात पडले आणि तो पोहत किनाऱ्याला लागला. तीन दशके उलटून गेली तरी हा विक्रम मोडला गेला नव्हता.

तोच द्वारपाल

आता माझ्या व्यवसायाचा धागा. लहान आतड्याच्या पेशीत ग्लुकोज आणि सोडियम हातात हात घालून शिरतात आणि त्यांच्यामागोमाग पाणी जाते, हे रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये मांडले. त्याच तत्त्वावर, १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी पटकीच्या रुग्णांना मीठ-साखरेचे पाणी पाजले. अन्यथा २० ते ३० टक्के असणारे मृत्यू ४ टक्क्यांच्या खाली आले. समुद्रावर पेडल मारणारा खेळाडू आणि अतिसाराने कोमेजलेले माझ्या टेबलावरचे मूल, दोघांनाही पाणी पोहोचवणारा आतड्यातील द्वारपाल एकच आहे.

मात्र दोघांचे पेय एक नव्हे, हे विशेषतः पालकांनी ध्यानात घ्यावे. खेळाडूच्या आतड्याला इजा झालेली नसते आणि त्याला इंधन हवे असते, म्हणून त्याच्या पेयात साखर जास्त. अतिसारात तीच जादा साखर आतड्यात पाणी ओढून घेते आणि जुलाब वाढवते. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात प्रतिलिटर ७५ मिलिमोल सोडियम आणि तेवढेच ग्लुकोज असते. हे प्रमाण विचारपूर्वक ठरवलेले आहे. म्हणून जुलाब होणाऱ्या मुलाला थंड पेये, डब्यातील फळांचे रस किंवा नुसती ग्लुकोजची पूड न देता ओआरएसचे पाकीट त्यावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यात विरघळवून द्यावे आणि चमच्या-चमच्याने पाजत राहावे. मूल सुस्त झाले, लघवी कमी झाली, काही पोटात ठरेना, किंवा शौचात रक्त दिसले, तर विनाविलंब डॉक्टरांकडे आणावे.

याचा उपयोग काय?

असा प्रश्न नेहमी विचारला जातो. या विमानांनी कोणी कामावर जात नाही, हे खरे. परंतु त्यांच्या बांधणीतून शिकलेल्या हलकेपणाच्या कलेतूनच मॅक्रेडीचे सूर्यशक्तीवरचे विमान जन्मले आणि त्याने १९८१ मध्ये इंग्लिश खाडी ओलांडली. जर्मनीच्या रॉखेल्ट कुटुंबाने 'म्युस्क्युलेअर' बांधले आणि १९८४ मध्ये घरातील मुलाने आपल्या धाकट्या बहिणीला त्यातून फिरवून आणले. मनुष्यबळावर उडालेली ती पहिली प्रवासी! २०१० मध्ये टोरांटो विद्यापीठाच्या 'स्नोबर्ड'ने पंख फडफडवत १९.३ सेकंद उड्डाण केले. लिओनार्दोचे स्वप्नही असे पुरे झाले, अर्थात पंख हलवले ते पायांनीच. १३ जून २०१३ रोजी कॅनडातील टॉड राइखर्ट याने 'ॲटलस' हे पेडलवरचे हेलिकॉप्टर ६४ सेकंद हवेत ठेवले आणि १९८० पासून पडून असलेले सिकॉर्स्की पारितोषिक जिंकले.

बोरेल्ली चुकला नव्हता. त्याच्यानंतर तीनशे वर्षांत माणसाचे स्नायू बदलले नाहीत. बदलले ते त्यांच्याकडून काय मागावे याचे भान. शक्ती वाढवता येत नसेल तर गरज कमी करावी, आणि जे शरीर काम करणार आहे त्याला वेळेवर पाणी पाजावे. बाह्यरुग्ण विभागातून रोज जाणाऱ्या आपणा सर्वांना हा उपाय ओळखीचा वाटेल.