गीतकाराचा रकाना

मराठी श्रोत्याला गाणे तीन नावांनी माहीत असते. आकाशवाणीवर गीतकार, संगीतकार आणि गायक सांगून मग गाणे लागायचे. कॅसेटच्या डबीतल्या कागदावर बारीक अक्षरांत का होईना, ही तिन्ही नावे असायची. २००० च्या आसपास मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, पुण्याच्या तपकीर गल्लीत एमपी३च्या सीडी मिळू लागल्या आणि ही नावे दिसेनाशी झाली. ऑडिओ सीडीवर जेमतेम सव्वा तासाचे संगीत मावे, तेवढ्याच चकतीवर आता बारा तासांचे मावू लागले. भावगीते, नाट्यपदे, अभंग, लावण्या सगळे एकत्र. पण ती चकती संगणकात घातली की पडद्यावर ‘ट्रॅक ०१’, ‘ट्रॅक ०२’ अशी ओळ उभी राही. नाहीतर रोमन लिपीत कसेबसे लिहिलेले शीर्षक, शब्दांमध्ये अंडरस्कोअर आणि शेवटी कंसात कुठल्यातरी संकेतस्थळाचा पत्ता. माडगूळकर, खानोलकर, शान्ता शेळके यांचा तिथे मागमूस नसे.

त्यानंतरच्या वीसपंचवीस वर्षांत अनेक घरांमधून ही नावे परत भरली गेली. काम हौशीचे होते, त्याचे पैसे कोणी दिले नाहीत. टॅग (म्हणजे फाइलीतच साठवलेली गाण्याची माहिती) आणि फाइलींची नावे घाऊक बदलणारी साधने हाताशी आली म्हणून ते होऊ शकले.

नावे गेली कशी, हे आधी पाहायला हवे. मुळात ऑडिओ सीडीवर गाण्याचे नाव नसायचेच. कोणता ट्रॅक कुठे सुरू होतो एवढीच नोंद तिच्यावर असे. नावे लिहिण्याची सोय १९९६ मध्ये आली, पण ती फारशी वापरली गेली नाही. टी कान आणि स्टीव्ह शर्फ यांच्या सीडीडीबीने यावर युक्ती काढली. ट्रॅकांच्या आरंभबिंदूंवरून चकतीचा क्रमांक काढायचा आणि त्या क्रमांकासमोर कोणीतरी टंकलेली नावे आणून द्यायची. पुढे सीडीडीबी ग्रेसनोट या नावाने व्यापारी झाली, तेव्हा लोकांनी तसाच खुला संग्रह फ्रीडीबी उभा केला. तो २०२० मध्ये बंद झाला. अशा संग्रहांत एखादी मराठी सीडी पहिल्यांदा ज्याने नोंदवली, त्याचेच स्पेलिंग पुढे सगळ्यांकडे गेले.

एमपी३ फाइलीतही आरंभी नावाला जागा नव्हती. १९९६ मध्ये एरिक केम्प यांनी फाइलीच्या अगदी शेवटी १२८ बाइट जोडण्याची पद्धत काढली, तीच आयडी३ची पहिली आवृत्ती. शीर्षकाला ३० बाइट, कलाकाराला ३०, अल्बमला ३०, वर्षाला ४, शेऱ्याला ३० आणि संगीतप्रकारासाठी एक. शेवटी नाव जोडण्याची ही रीत मला फार जुन्या एका गोष्टीकडे नेते. १९०२ मध्ये कलकत्त्यात फ्रेड गाइसबर्ग यांनी गौहर जान यांचे ध्वनिमुद्रण केले, तेव्हा गाणे संपताच त्या स्वतःचे नाव इंग्रजीत मोठ्याने सांगत. तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला तयार व्हायच्या, आणि लेबल लावणाऱ्याला आवाज कोणाचा हे त्यावरून कळे. आपल्याकडच्या ध्वनिमुद्रणाचा पहिला टॅग तो.

केम्प यांच्या रचनेत कलाकार एकच, गीतकार-संगीतकार कुठेच नाहीत. संगीतप्रकारांच्या मूळ ८० नावांत पोल्का होता, गॉस्पेल होता. भजन, नाट्यगीत, ख्याल यांतले काही नव्हते. ‘क्लासिकल’ किंवा ‘एथ्निक’ यांत बसवा, नाहीतर ‘अदर’. आणि जागा तर अशी अपुरी की, यूटीएफ-८ या युनिकोड लेखनपद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, त्यामुळे ‘लता मंगेशकर’ या नावाला मधल्या मोकळ्या जागेसकट ३१ बाइट लागतात. एका बाइटने ते नाव तुटते. शेवटच्या ‘र’चा तिसरा बाइट कापला जातो आणि तिथे प्रश्नचिन्ह किंवा चौकोन उमटतो.

१९९८ मध्ये मार्टिन निल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयडी३ची दुसरी आवृत्ती आणली आणि चित्र पालटले. टॅग फाइलीच्या आरंभी गेला, लांबीचे बंधन गेले, युनिकोड आले, आणि प्रत्येक माहितीला स्वतंत्र रकाना मिळाला. त्यात संगीतकाराचा रकाना होता, गीतकाराचाही होता. कोणाला ठाऊक नव्हते, इतकेच. विंडोज २००० आणि एक्सपीने युनिकोड देवनागरी घरोघर पोचवली, तोवर मराठी शीर्षके ज्या-त्या फॉन्टच्या सांकेतिक भाषेत अडकलेली होती. दुसऱ्या संगणकावर ती वाचताच येत नसत.

रकाने मिळाले, पण ते भरायचे कोणी? एकेक फाइल उघडून गीतकार, संगीतकार, वर्ष लिहीत बसणे मोठ्या संग्रहाला अशक्य. जर्मनीच्या फ्लोरियन हाइडेनरायख यांचे एमपी३टॅग, तसेच टॅगस्कॅनर, लिनक्सवरचे ईझीटॅग यांनी हा प्रश्न सोडवला. टक्क्याच्या दोन खुणांमध्ये ट्रॅक, आर्टिस्ट, टायटल असे शब्द लिहून फाइलीच्या नावाचा साचा सांगायचा. मग क्रमांक, गायक, शीर्षक हे तुकडे शेकडो फाइलींत एका झटक्यात आपापल्या रकान्यांत जाऊन बसतात. उलटही करता येते, टॅगवरून फाइलीचे नाव. जोडीला नियमांची मालिका रचून जपून ठेवता येते: संकेतस्थळाचा पत्ता काढ, अंडरस्कोअरच्या जागी मोकळी जागा घाल, दोन मोकळ्या जागांची एक कर, क्रमांक दोन अंकी कर.

या मालिकेत क्रमाला फार महत्त्व आहे. पत्ता काढण्याआधी नाव आडव्या रेघेवर तोडले, तर पत्त्यातली रेघसुद्धा गायकाचे नाव फोडते. आणि कंसातला मजकूर पुसणारा नियम, जो पाश्चात्त्य पॉप गाण्यांना बिनधोक चालतो, तो शास्त्रीय संगीताच्या फोल्डरवर चालवणे म्हणजे माहितीचा नाश आहे. आपल्याकडे कंसात राग असतो, विलंबित की द्रुत ते असते, कधी मैफलीचे गाव असते. तिथे पुसण्याचा नियम नको, हलवण्याचा हवा. कंसात ‘राग’ शब्दाने सुरू होणारे जे असेल ते उचलून रागाच्या रकान्यात नेणारा रेग्युलर एक्स्प्रेशन (मजकुराचा साचा ओळखणारे सूत्र) एका ओळीत लिहिता येतो, आणि माझ्या मते मराठी संग्रहासाठी तो सगळ्यांत मोलाचा नियम आहे.

या साधनांतले बरेच तयार नियम रोमन लिपीसाठी रचलेले आहेत. लहान-मोठ्या अक्षरांचे रूपांतर देवनागरीत निरर्थक. देवनागरीचे दुखणे वेगळेच. ‘वाऱ्या’ हा शब्द घ्या. त्यातला ‘ऱ्य’ संगणकात दोन तऱ्हांनी लिहिता येतो: एकदा नुक्त्याच्या ‘ऱ’ने, एकदा साध्या ‘र’ला हलन्त आणि अदृश्य जोडखूण लावून. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. शोधताना मात्र एक सापडतो, दुसरा सापडत नाही, आणि एकाच गाण्याच्या दोन प्रती यादीत दोन ठिकाणी राहतात. ‘माडगूळकर’ आणि ‘माडगुळकर’, ‘ग.दि.’ आणि ‘ग. दि.’, ‘भीमसेन’ आणि ‘भिमसेन’ यांचेही तेच. यावर उपाय एकच: आपली बदलयादी आपणच करायची. अशी यादी वर्षानुवर्षे वाढवणाऱ्यांचे काम मला संपादनाच्या तोलाचे वाटते.

गीतरामायणाइतकी या कामाची चांगली परीक्षा दुसरी नाही. पुणे आकाशवाणीवर १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीच्या दिवशी, ते सुरू झाले आणि आठवड्याला एक याप्रमाणे वर्षभर चालले. त्या वर्षी अधिक मास होता म्हणून गीते ५६ झाली. शब्द गदिमांचे, म्हणजे माडगूळकरांचे; संगीत सुधीर फडक्यांचे, म्हणजे बाबूजींचे. मूळ प्रसारणात माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, लता मंगेशकर, मालती पांडे, राम फाटक असे अनेक आवाज होते. नंतर बाबूजींनी सगळी गीते स्वतःच्या आवाजात ध्वनिमुद्रित केली. कलाकाराचा एकच रकाना असलेल्या जुन्या टॅगमध्ये हे कसे मांडणार? नव्या रकान्यांत ते नेटके बसते. गीतकार आणि संगीतकार सर्व ५६ फाइलींना एका आज्ञेत. अल्बमचा कलाकार एक, गाण्याचा गायक फाइलीगणिक वेगळा. मूळ प्रसारण आणि बाबूजींचा संच हे दोन स्वतंत्र अल्बम. राग आणि गाणारे पात्र यांच्यासाठी वापरणाऱ्याला स्वतःचे रकाने उघडता येतात. आणि क्रमांक दोन अंकी हवाच. नाहीतर १ नंतर १० ते १९ वाजतात, मग २ येतो, आणि रामकथाच विस्कटते. गाडीतल्या कित्येक स्टिरिओंना तर नावाशी देणेघेणे नसते. पेनड्राइव्हवर फाइली ज्या क्रमाने उतरल्या त्याच क्रमाने ते वाजवतात. म्हणून आधी नावे नीट लावायची आणि मग त्या क्रमानेच कॉपी करायची.

नंतर आवाजावरून गाणे ओळखणारी पद्धत आली. रॉबर्ट के यांनी सुरू केलेल्या म्युझिकब्रेन्झचे पिकार्ड हे साधन फाइलीतल्या ध्वनीचा ठसा घेते, संग्रहाशी ताडून पाहते आणि टॅग आपोआप भरते. तिथे कलाकाराची पर्यायी नावेही जोडता येतात. आपल्याकडे त्याची मोठी गरज. नारायण श्रीपाद राजहंस आणि बालगंधर्व, रामभाऊ कुंदगोळकर आणि सवाई गंधर्व ही एकेका माणसाचीच नावे, आणि हे कुठल्याही नियमाला आपसूक कळणारे नाही.

मग स्ट्रीमिंग आले आणि बहुतेकांनी फाइली ठेवणेच सोडले. तिथे आधी दिसतो तो गायक आणि अल्बम. गीतकार दिसलाच तर दोनतीन टिचक्यांनंतर, आणि चुकीचे नाव श्रोत्याला दुरुस्त करता येत नाही. ही मला खरी हानी वाटते.

फाइली आता उरल्या आहेत त्या मुख्यतः जुन्या कॅसेटी आणि स्पूल उतरवून घेणाऱ्यांकडे. मुंबईत १९९० पासून काम करणाऱ्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सने तबकड्यांच्या नोंदी जपल्या. खासगी मैफलींच्या स्पूलांना मात्र असा कोणी वालीच नाही. अशा ध्वनिमुद्रणासाठी फ्लॅक हा फाइलप्रकार वापरला, तर त्यात हवा तो रकाना उघडता येतो. रकान्याचे नाव रोमन लिपीत द्यावे लागते, आतला मजकूर खुशाल देवनागरीत. राग, ताल, बंदिश, तबला, हार्मोनियम, तंबोरा, मैफलीची जागा, सगळे लिहिता येते. पण या मैफलींचा ध्वनिठसा कुठल्याच संग्रहात नाही आणि फाइलीचे नाव म्हणजे नुसता दिनांक. इथे नियमाच्या हाती काही नाही. तबल्यावर कोण होते, दुसरी चीज कोणाची रचना, हे त्या बैठकीला हजर असलेल्यांनाच ठाऊक, आणि ते आज ऐंशीच्या घरात आहेत. ज्यांच्याकडे असा एखादा स्पूल असेल त्यांनी या दिवाळीत तो उतरवण्याच्या आधी त्या काका-आजींना फोन करावा, आणि ते जे सांगतील ते टॅगमध्ये लिहून घ्यावे.