विजेच्या मनोऱ्यावर मोबाईलचा अँटेना : उंची तयार, पण वाट सोपी नाही

सोलापूर, प्रतिनिधी :

सात रस्ता परिसरातील एखाद्या इमारतीच्या गच्चीवर मोबाईलचा मनोरा उभारायचा म्हटले, की घरमालकाशी करार, इमारतीच्या मजबुतीचा दाखला, परवानग्या आणि शेजाऱ्यांचा विरोध अशी अडथळ्यांची मालिका सुरू होते. शहराबाहेर मात्र अतिउच्चदाब वीजवाहिन्यांचे पोलादी मनोरे शेतांतून ओळीने उभे आहेत. मग अँटेना त्यांवरच का बसवू नयेत, असा प्रश्न कोणालाही पडावा. जगात असा वापर होतोही. परंतु तयार उंची म्हणजे फुकटची उंची नव्हे, आणि ती प्रत्येक ठिकाणी उपयोगाचीही नसते.

सोलापूर : वीजवाहिन्यांचे नाके

वीजवहनाच्या नकाशावर सोलापूरचे स्थान मोठे आहे. पॉवरग्रिडची रायचूर-सोलापूर ही ७६५ केव्ही वाहिनी ३१ डिसेंबर २०१३ रोजी कार्यान्वित झाली आणि दक्षिणेचे वीजजाळे उर्वरित देशाच्या जाळ्याशी एका लयीत जोडले गेले. दक्षिण सोलापूर तालुक्यात फताटेवाडी येथे एनटीपीसीचा १,३२० मेगावॉटचा औष्णिक प्रकल्प आहे. याशिवाय राज्याच्या वहनाचा भार वाहणाऱ्या महापारेषणच्या वाहिन्या आहेतच.

अमेरिकेत कॅलिफोर्नियातील पीजी अँड ई या वीजकंपनीने ७०० हून अधिक पारेषण मनोऱ्यांवरील जागा दूरसंचार कंपन्यांना भाड्याने देण्याचे हक्क २०२१ मध्ये एसबीए या कंपनीला सुमारे ९७ कोटी डॉलरना दिले. फ्रान्समध्ये आरटीई या पारेषण कंपनीची आर्टेरिया ही उपकंपनी हाच व्यवसाय करते. मनोऱ्याच्या उंचीला बाजारात किती किंमत आहे, हे यावरून ध्यानात यावे.

अँटेना नेमका कोठे बसतो?

पारेषण मनोऱ्याच्या माथ्यावर विजेपासून संरक्षण देणारी भूतार असते. तिच्याखाली आडव्या हातांना टांगलेल्या इन्सुलेटरवर विद्युतभारित तारा असतात. त्यामुळे अँटेनासाठी दोनच जागा उरतात. एक, माथ्यावर जादा खांब उभारून. दुसरी, सर्वांत खालच्या आडव्या हाताच्या खाली, मनोऱ्याच्या धडावर. माथ्यावरून लहरी दूरवर पोहोचतात. मात्र तेथे दुरुस्तीसाठी चढायचे, तर भारित तारांजवळून जावे लागते आणि वाहिनी बंद ठेवण्याची वेळ येऊ शकते. एका अँटेनाच्या दुरुस्तीसाठी मोठी वाहिनी बंद ठेवणे कोणत्याही पारेषण कंपनीला परवडणारे नाही. खालची जागा तुलनेने सुरक्षित. पण उंची कमी मिळते.

दुसरा प्रश्न वाऱ्याचा. मनोऱ्याचा आराखडा तारांचा ताण, त्यांचे वजन आणि वाऱ्याचा दाब धरून केलेला असतो. अँटेनाचे वजन फारसे नसते. परंतु सपाट पृष्ठभागावर वारा अडतो आणि त्याचा भार मनोऱ्याच्या पायांपर्यंत पोहोचतो. वाहिनी जेथे वळते, तेथील मनोरे अधिक भक्कम असतात. सरळ रेषेतील मनोऱ्यांची राखीव ताकद त्या मानाने कमी असते. त्यामुळे प्रत्येक मनोऱ्याची स्वतंत्र तपासणी अपरिहार्य ठरते.

विजेखाली उभे राहून विजेची वाण

सर्वांत विचित्र अडचण विजेचीच आहे. डोक्यावरून ४०० केव्हीची वाहिनी जात असली, तरी अँटेनाच्या यंत्रणेला तिच्यातून वीज घेता येत नाही. इतका दाब घरगुती पातळीवर आणणारी यंत्रणा एका अँटेनासाठी उभारणे खर्चाच्या दृष्टीने अव्यवहार्य आहे. त्यामुळे महावितरणची लघुदाब जोडणी शेतातून ओढावी लागते, किंवा सौरऊर्जा व बॅटरीवर विसंबावे लागते.

त्या जोडणीतही धोका दडलेला असतो. वाहिनीत बिघाड होऊन प्रवाह मनोऱ्यावाटे जमिनीत उतरला, तर काही क्षण मनोऱ्याचा आणि त्याच्या पायथ्याच्या जमिनीचा विद्युतदाब धोकादायकरीत्या वाढतो. मनोऱ्यावरील यंत्रणा साध्या तांब्याच्या तारेने गावातील जाळ्याशी जोडली असेल, तर हा दाब थेट वस्तीपर्यंत पोहोचू शकतो. म्हणून विलगीकरण ट्रान्सफॉर्मर बसवावा लागतो आणि संदेशवहनासाठी प्रकाशतंतू वापरावा लागतो. येथे मात्र पारेषण वाहिनीचा लाभ होतो. अनेक वाहिन्यांच्या भूतारेतच प्रकाशतंतू गुंफलेले असतात. पॉवरग्रिडने आपल्या अशा जाळ्यावर दूरसंचार व्यवसाय उभा केला असून, त्यासाठी २०२१ मध्ये पॉवरग्रिड टेलिसर्व्हिसेस ही स्वतंत्र उपकंपनी स्थापन केली.

सात रस्त्याला उपयोग किती?

सात रस्त्यासारख्या वर्दळीच्या चौकात अडचण उंचीची नसते, गर्दीची असते. एकाच वेळी असंख्य ग्राहक जाळ्यावर आले, की वेग मंदावतो. उंच मनोऱ्यावरील अँटेना अशा वेळी उपयोगी पडत नाही. उलट त्याच्या लहरी शेजारच्या अँटेनांच्या क्षेत्रात शिरून व्यत्यय आणतात. फाईव्ह-जीसाठी वापरल्या जाणाऱ्या उच्च वारंवारतेच्या लहरींचा पल्लाही कमी असतो. म्हणून चौकासाठी दिव्यांचे खांब, बसथांबे यांवर बसणारे लहान अँटेना अधिक उपयुक्त. केंद्राने २०२२ मध्ये नियमांत दुरुस्ती करून रस्त्यावरील अशा साधनांच्या वापरासाठी शहरी भागात वार्षिक ३०० रुपये शुल्क ठरविले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, याविषयी शिफारशीही केल्या.

पारेषण मनोऱ्यांचे खरे क्षेत्र वेगळे आहे : पुणे व विजयपूरकडे जाणारे महामार्ग, शहराच्या कडेच्या नव्या वसाहती आणि विरळ वस्तीची गावे. विमानतळाच्या परिसरात मात्र एकेका मीटरचा हिशेब द्यावा लागतो. होटगी रस्त्यावरील विमानतळाच्या मार्गात अडथळा ठरलेली श्री सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याची चिमणी १५ जून २०२३ रोजी पाडण्यात आली, हे सोलापूरकर विसरलेले नाहीत. अस्तित्वातील मनोऱ्याच्या धडावर, त्याची उंची न वाढवता बसविलेला अँटेना अशा ठिकाणी सोयीचा ठरू शकतो.

भाडे कोणाच्या खिशात?

वीज कायदा, २००३ च्या कलम ४१ नुसार पारेषण कंपनीला नियामक आयोगास पूर्वसूचना देऊन आपल्या मालमत्तेतून अन्य व्यवसाय करता येतो. मात्र त्या उत्पन्नाचा आयोगाने ठरविलेला हिस्सा पारेषण आकार कमी करण्यासाठी वापरावा लागतो. मनोऱ्यांचा खर्च वीजग्राहकांच्या देयकांतून वसूल झालेला असल्याने हे न्याय्यच आहे. अँटेनाच्या भाड्यावर म्हणूनच ग्राहकाचाही हक्क पोहोचतो.

आणि ज्याच्या शेतात मनोरा उभा आहे, त्या शेतकऱ्याचे काय? १८८५ च्या तार कायद्यातील अधिकारांच्या आधारे वाहिनी उभारली, तरी जमिनीची मालकी शेतकऱ्याकडेच राहते. कंपनीला मिळतो तो केवळ वापराचा हक्क. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने जून २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत मनोऱ्याखालील जागेसाठी जमिनीच्या मूल्याच्या २०० टक्के मोबदला सुचविला. हा मोबदला वीजवाहिनीसाठीचा आहे. त्याच मनोऱ्यावर दुसरा व्यवसाय सुरू झाला, यंत्रणेसाठी बांधावर खोली उभी राहिली, तंत्रज्ञांची वर्दळ वाढली, तर त्याचा स्वतंत्र विचार व्हायला हवा. अन्यथा जमीन एकाची, मनोरा दुसऱ्याचा आणि भाडे तिसऱ्याच्या हिशेबात, अशी स्थिती होईल.

नवा मनोरा टळला, तर पोलाद वाचते, जागा वाचते आणि वादही कमी होतात. परंतु मनोऱ्याची ताकद, कामगारांची सुरक्षितता आणि उत्पन्नाची वाटणी या तीन गोष्टींचा निर्णय अँटेना वर चढण्यापूर्वी झाला पाहिजे, नंतर नव्हे.