बोटाची शाई आणि माडीचा जिना

जिनात हात गमावलेल्या कामगाराचाही विचार निवडणूक-नियमांनी केला आहे. १९६१ चा ३७ वा नियम सांगतो : डाव्या हाताला बोटेच नसतील तर शाई उजव्या हाताच्या बोटास लावावी, तीही नसतील तर थोट्या हाताच्या टोकास. अंध मतदारास सोबती नेता येतो. मतदानकेंद्रे अपंगांना जाता येण्याजोगी असावीत, हे २०१६ च्या कायद्याने ठरविले.

पण उमेदवार कोण, मागण्या कोणत्या, हे आधीच ठरते. आणि ठरते ते माडीवरच्या बैठकीत. दुसऱ्यास बोल कशाला लावावा? पातुरात आमच्या युनियनची बैठकही वर्षानुवर्षे माडीवरच भरे. कुबडीवर चालणारा आमचा एक सभासद खाली ओट्यावर बसून राही. ठराव झाला, की त्याची सही घ्यायला आम्ही तेवढे खाली उतरत असू.