मोबाइलवरची झोळी : मदत द्यावी की न द्यावी?

या स्तंभाच्या वाचकांकडून येणाऱ्या प्रश्नांत मधुमेह आणि गुडघेदुखीच्या खालोखाल हल्ली एक प्रश्न वारंवार येऊ लागला आहे, आणि तो कोणत्याही रोगाचा नाही. नाकात नळी घातलेल्या बाळाचे छायाचित्र, खाली काही लाखांचा किंवा कोटींचा आकडा आणि पैसे पाठवण्याचा चौकोनी कोड असा संदेश मोबाइलवर येतो. पारोळ्याचे एक आबा रक्तदाब तपासायला आले, की आधी मोबाइल पुढे करतात : ‘‘डाक्टरसाहेब, हाई खरं शे का?’’ धुळ्याच्या एका ताईंनी तर लिहिले आहे, की त्यांनी दोनदा पैसे पाठवले, तिसऱ्यांदा घरच्यांनी वेड्यात काढले, आणि आता त्या असे संदेश उघडतच नाहीत.

वाचकहो, लोकवर्गणीतून उपचार ही गोष्ट आपल्याकडे नवी नाही. हृदयशस्त्रक्रियेसाठी मदतीचे आवाहन जिल्ह्याच्या वर्तमानपत्रांत पूर्वीपासून छापून येत असे. गणेश मंडळे डबा फिरवीत, शाळेत मुले खाऊचे पैसे देत. तेव्हा कोणी शंका घेत नसे असेही नाही. परंतु शंका घेणाऱ्याला मुलाचे घर माहीत असे. सायकल काढून तो जाऊन पाहून येई. आता आवाहन चेन्नईचे की चाळीसगावचे हेच कळत नाही. खरी अडचण आहे ती इथे.

महाराष्ट्रात या प्रकाराची सर्वांत मोठी चर्चा झाली ती २०२१ साली. मुंबईतील एका तान्ह्या मुलीला स्पायनल मस्क्युलर अॅट्रॉफी, म्हणजे एसएमए, हा जन्मजात विकार होता. त्यावरचे झोलजेन्स्मा हे औषध अमेरिकेत मे २०१९ मध्ये मंजूर झाले आणि त्याची किंमत तेथे २१ लाख डॉलर ठेवली गेली. आपल्याकडे एका मात्रेचा खर्च सुमारे १६ कोटी रुपये. आई-वडिलांनी इंटरनेटवरून आवाहन केले, हजारो अनोळखी माणसांनी जमेल तेवढे पैसे पाठवले आणि रक्कम उभी राहिली. वर सुमारे ६ कोटींचा कर होता, तो केंद्र सरकारने माफ केला. फेब्रुवारी २०२१ मध्ये त्या बाळाला इंजेक्शन मिळाले.

त्याच वर्षी पुण्याकडच्या दुसऱ्या एका मुलीसाठीही अशीच वर्गणी जमली. जूनमध्ये तिला तेच औषध देण्यात आले. सुमारे दीड महिन्याने, १ ऑगस्ट २०२१ रोजी, ती मुलगी गेली.

त्या आठवड्यात माझ्या दवाखान्यात जी चर्चा ऐकली ती मला अजून आठवते. ‘‘सोळा कोटींचे औषध देऊनही पोर जाते कसे?’’ इथपर्यंत ठीक. परंतु पुढचे वाक्य असे, ‘‘म्हणजे पैसे खाल्ले असणार.’’ हे बोलणारी माणसे दुष्ट नव्हती. त्यांतल्या एकाने स्वतः पाचशे रुपये पाठवले होते. औषध महाग म्हणजे ते हमखास जीव वाचवणार, असा आपला समज असतो. तो फसला की मनात चोर दिसू लागतो. म्हणून या रोगाविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे.

आपल्या मज्जारज्जूत स्नायूंना हुकूम देणाऱ्या पेशी असतात. त्या जिवंत राहण्यासाठी एक विशिष्ट प्रथिन लागते, आणि ते तयार करणारे जनुक या मुलांत सदोष असते. परिणामी पेशी एकामागून एक मरतात. बाळ मान धरत नाही, पाय हलवत नाही, दूध ओढताना दमते. पुढे गिळण्याचे आणि श्वासाचे स्नायूही दुबळे होतात. झोलजेन्स्मा एका निरुपद्रवी विषाणूच्या पाठीवरून ते जनुक शरीरात पोहोचवते. त्यामुळे उरलेल्या पेशी वाचतात. मेलेल्या पेशी मात्र परत येत नाहीत. म्हणजे उपचाराच्या दिवशी छातीच्या स्नायूंत जेवढी ताकद शिल्लक असेल, मुख्यतः तेवढ्याच भांडवलावर पुढे जायचे असते. अशा बाळाला साधा सर्दी-खोकला किंवा श्वासनलिकेत गेलेले दूधही महाग पडू शकते. औषध खरे, पैसे खरे, देणारे खरे, आणि तरीही मूल गेले, असे होऊ शकते. यात आणखी एक क्रूर गोष्ट अशी, की वर्गणी जमायला जे महिने लागतात त्याच महिन्यांत पेशी मरत असतात. म्हणून चार-पाच महिन्यांचे बाळ मान धरत नसेल, हातपाय लोळागोळा वाटत असतील, तर ‘मोठे झाले की होईल’ म्हणून थांबू नका, बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

अर्थात फसवणूक होतच नाही असे मी म्हणणार नाही. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात २०१७ साली एका बेघर माणसाची कहाणी पसरली. रस्त्यात पेट्रोल संपलेल्या तरुणीला त्याने म्हणे खिशातले शेवटचे २० डॉलर दिले. १४ हजारांहून अधिक लोकांनी त्याच्यासाठी ४ लाख डॉलरवर पैसे दिले. पुढच्याच वर्षी उघड झाले, की कहाणी तिघांनी मिळून रचली होती. त्यांना शिक्षा झाली, देणगीदारांना पैसे परत मिळाले. आपल्याकडे चालणारे प्रकार याहून साधे असतात. खऱ्या रुग्णाचे छायाचित्र उचलायचे, कोड तेवढा स्वतःचा चिकटवायचा. बाळ खरे असते, खाते चोराचे.

दुसरा प्रकार खोटा नव्हे, शिळा असतो. क्रेग शेरगोल्ड नावाच्या इंग्रज मुलाला मेंदूत गाठ झाली होती. १९८९ मध्ये त्याच्यासाठी शुभेच्छापत्रे पाठवण्याचे आवाहन झाले आणि १९९० पर्यंत दीड कोटीहून अधिक पत्रे आली. १९९१ मध्ये अमेरिकेत शस्त्रक्रिया होऊन मुलगा बरा झाला. गिनेस बुकवाल्यांनी तो विक्रमच बंद केला. तरी पत्रे येतच राहिली, पुढे कित्येक वर्षे. त्या काळी इंटरनेटही घरोघरी नव्हते! ‘ओ निगेटिव्ह रक्त तातडीने हवे’ हा संदेश आपल्या गटांत असाच फिरतो. त्यावर तारीख नसते, आणि फोन लावला तर समोरचा गृहस्थ वैतागून सांगतो, की रुग्ण बरा होऊन घरी गेल्याला तीन वर्षे झाली. रक्तासाठीचा संदेश पुढे पाठवण्यापूर्वी त्या क्रमांकावर एक फोन करावा. माझा तर आग्रह आहे, की संदेश राहू द्या आणि जवळच्या रक्तपेढीत जाऊन रक्त द्या. रुग्णाला पिशवी लागते. संदेशाने ती भरत नाही. ‘हा संदेश पुढे पाठवल्यास अमुक कंपनी दर वेळी एक रुपया देईल’ असे जिथे लिहिलेले असेल, ते सरळ खोटे समजावे.

मग खरे-खोटे ओळखावे कसे? मी स्वतः काय करतो ते सांगतो. संदेशात रुग्णालयाचे नाव, वॉर्ड आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांचे नाव आहे का, ते पाहतो. रुग्णालयाचा दूरध्वनी संदेशातून घेत नाही, स्वतः शोधतो. मोठ्या रुग्णालयांत समाजसेवा अधीक्षक किंवा समाजसेवक असतात. ते रुग्णाची खासगी माहिती देणार नाहीत, आणि देऊही नये. पण या नावाने पैसे रुग्णालयाच्या खात्यात भरता येतील का, एवढे साधारणपणे सांगतात. येत असतील तर तेथेच भरावेत. इंटरनेटवर वर्गणी गोळा करणाऱ्या कंपन्यांमार्फत द्यायचे असेल, तर संदेशातल्या दुव्यावर न जाता कंपनीच्या मूळ पानावर रुग्णाचे नाव शोधावे. तेथे कंपनीसाठी ‘टिप’ म्हणून काही रक्कम आधीच मिळवलेली असू शकते, ती पाहून घ्यावी. आणि एखाद्या व्यक्तीला दिलेल्या मदतीवर आयकरात ८०-जीची सूट मिळत नाही, ती नोंदणीकृत संस्थेला दिली तरच मिळते. कोणी तसे आमिष दाखवले तर दोन पावले मागे या.

शंका घ्यावी, अवश्य घ्यावी. मात्र पैशाच्या वाटेवर घ्यावी. ‘बाई तर चांगल्या साडीत दिसते, हिला कशाला मदत?’ ही शंका नव्हे. मूल आजारी पडण्याआधी त्या घराची परिस्थिती बरी असू शकते. एक मोठे दुखणे शेत, दागिने आणि भविष्यनिर्वाह निधी एका वर्षात खाऊन टाकते, हे खानदेशात कोणाला सांगायला नको.

मदत मागणाऱ्यांनाही मला काही सांगायचे आहे. कितीतरी आवाहने अशा उपचारांसाठी निघतात, जे सरकारी योजनेत बसतात. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेचा आधीचा अवतार २०१२ मध्ये ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाला त्यांत धुळे होते. आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे संरक्षण आहे. चौकशी १५५३८८ या क्रमांकावर करता येते. मुलाच्या हृदयाला छिद्र असेल तर राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमात शस्त्रक्रिया मोफत होते. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार रुपये. मुख्यमंत्री सहायता निधीचे पैसे थेट रुग्णालयाच्या खात्यात जातात. दुर्मिळ आजारांसाठी केंद्राचे २०२१ चे धोरण आहे. त्यात २०२२ पासून ५० लाखांपर्यंत मदत मिळू शकते आणि मुंबईचे केईएम रुग्णालय त्याचे एक केंद्र आहे. अर्थात १६ कोटींपुढे ५० लाख म्हणजे काय, हे मी सांगायला नको. तेवढ्यासाठीच तर माणसे झोळी पसरतात.

या साऱ्यात मला बोचते ते वेगळेच. छायाचित्र हृदय हेलावणारे असेल तर झोळी भरते. नसेल तर नाही. शिरपूर, चोपडा, यावल, रावेरच्या सातपुड्याकडील पाड्यांवर सिकलसेलचे रुग्ण आहेत. सांधे आणि हाडे असह्य दुखतात, रक्त उतरते, वारंवार रक्त चढवावे लागते. हायड्रॉक्सीयुरियाच्या साध्या गोळ्यांनी वेदनांचे झटके कमी होतात. याला कोटी लागत नाहीत. लागते ती तपासणी, नियमित गोळी आणि रक्तपेढीत शिल्लक असलेली पिशवी. मोबाइलवर या मुलांचे छायाचित्र मी क्वचितच पाहिले.

लोकवर्गणीने कायमचे काही साधत नाही, असे म्हणणाऱ्यांना २०१४ सालची डोक्यावर बर्फाचे पाणी ओतून घेण्याची लाट आठवत असेल. तेव्हा पुष्कळांनी, मी धरून, नाके मुरडली होती. एएलएस या मज्जापेशींच्या दुसऱ्या आजारासाठी अमेरिकेतील संस्थेकडे त्यातून साडेअकरा कोटी डॉलर जमले, आणि त्या पैशावर चाललेल्या संशोधनातून २०१६ मध्ये आजाराशी संबंधित एक नवे जनुक सापडले. आपल्याकडेही एसएमएच्या मुलांवरील बातम्यांनी हा विषय घरोघरी पोहोचवला. सप्टेंबर २०२१ मध्ये जीएसटी परिषदेने झोलजेन्स्मा वैयक्तिक वापरासाठी आणल्यास कर माफ केला. या रोगावरचे तोंडाने घ्यायचे रिस्डिप्लाम नावाचे औषध बाटलीमागे ६ लाखांच्या घरात होते. ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मूळ कंपनीला मनाई हुकूम देण्यास नकार दिल्यावर हैदराबादच्या नॅटको कंपनीने ते १५,९०० रुपयांना बाजारात आणले. हे औषध रोज आणि जन्मभर घ्यावे लागते, मात्रा वजनावर ठरते, आणि ते तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच सुरू करायचे असते. आपल्या परिसरात एसएमएचे निदान झालेले मूल असेल, तर त्याच्या पालकांना हे आधी कळवा. वर्गणीचे मग पाहू.