डोळ्याचा नवा नंबर

डोळ्याचा नंबर म्हटला की आपल्या घराघरांतून चष्म्याची गोष्ट निघते. 'बंड्याचा नंबर वाढला', 'आजोबांचा नंबर आता स्थिरावला' अशी वाक्ये आपण चहा पिता पिता बोलून जातो. पण वाचकहो, डोळ्याला आणखी एक नंबर असतो आणि तो चष्म्याच्या दुकानात मिळत नाही. तो असतो आजाराचा नंबर. आपणांपैकी ज्यांना चाळिशी लागली असेल त्यांनी दचकू नये, परंतु जगाच्या दप्तरी त्यांची नोंद 'एच ५२.४' अशी आहे. फळ्यावरचे दिसत नाही म्हणून ज्या मुलीला चष्मा लागला ती 'एच ५२.१'. धाकट्याच्या पापणीवर ऐन दिवाळीत उठलेली रांजणवाडी, तिलाही 'एच ००.०' हे मानाचे पान आहे!

ही विद्या मला येते, कारण चंद्रपुरात एका लहानशा नेत्र रुग्णालयाचे दप्तर मी सांभाळते. कितीतरी वर्षे आमच्या नोंदवहीत 'आजार' या रकान्याखाली जो जे सांगेल ते लिहिले जाई. मग एके दिवशी मोठ्या डॉक्टरांनी तीन जाडजूड इंग्रजी खंड माझ्या टेबलावर ठेवले आणि म्हणाले, "बाई, पावसाळ्यात गर्दी कमी असते. तेवढ्यात हे शिकून घ्या." जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाची ती दहावी आवृत्ती होती.

या खटाटोपाची गरज काय, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर आमच्या दारातल्या बाकावरच बसलेले असते. २६ ऑगस्ट १९८२ रोजी जुन्या चंद्रपूर जिल्ह्याचे दोन भाग होऊन गडचिरोली वेगळा झाला. पण आजारी माणसाला जिल्ह्याची सीमा ठाऊक नसते. मूल-सिंदेवाहीकडची झाडीबोली बोलणारी म्हातारी येते आणि मोतीबिंदू झाल्याचे सांगते. सिरोंच्याकडचा तेलुगू बोलणारा गृहस्थ त्यालाच 'शुक्लम्' म्हणतो. निर्वासित म्हणून येऊन गडचिरोलीत वसलेल्या बंगाली कुटुंबातली आजी 'छानी' म्हणते. आणि भामरागडकडचा माडिया आजोबा काहीच न म्हणता डोळ्यांपुढे हात धरून पडदा ओढल्याची खूण करतो. गंमत पाहा, इंग्रजीत याच रोगाचे नाव धबधब्यावरून पडले आहे. आपल्याला मात्र त्यात मोती दिसला. या साऱ्यांचा आजार एक आणि नावे मात्र पाच. उतारवयातल्या मोतीबिंदूला पुस्तकात 'एच २५' म्हटले की सिरोंचा आणि शिकागो एका ओळीत बसतात.

या पुस्तकाचा इतिहासही रंजक आहे. सतराव्या शतकात लंडनच्या जॉन ग्राँट नावाच्या कापड व्यापाऱ्याने मृतांच्या साप्ताहिक याद्या चाळून १६६२ साली एक पुस्तक लिहिले. कोण कशाने गेले हे मोजण्याचा नाद तेव्हापासूनचा. पुढे पॅरिस शहराच्या आकडेवारी खात्याचे प्रमुख झाक बर्तियाँ यांनी मृत्यूच्या कारणांची पद्धतशीर यादी केली आणि १८९३ साली शिकागोच्या परिषदेत ती स्वीकारली गेली. गुन्हेगारांच्या शरीराची मापे घेऊन त्यांना ओळखण्याची पद्धत काढणारे आल्फाँस बर्तियाँ हे त्यांचेच बंधू. एका भावाने चोर पकडले, दुसऱ्याने मरणाला नावे दिली. एकंदरीत घराणेच नोंदी ठेवणारे!

परंतु डोळा माणसाला सहसा मारीत नाही, म्हणून मरणाच्या यादीत त्याला फारशी किंमत नव्हती. १९४८ साली जागतिक आरोग्य संघटनेने हे काम हाती घेतले आणि सहाव्या आवृत्तीत जिवंत माणसांचे आजारही आले. तरी नवव्या आवृत्तीपर्यंत डोळे हे मज्जासंस्थेच्या प्रकरणात भाडेकऱ्यासारखे राहत होते. मे १९९० मध्ये मंजूर झालेल्या आणि १९९४ पासून वापरात आलेल्या दहाव्या आवृत्तीत त्यांना 'एच ००' ते 'एच ५९' असे स्वतःचे घर मिळाले.

शिकायला बसले तेव्हा पहिला नियम कळला तो असा, की आधी तिसऱ्या खंडातल्या सूचीत शब्द शोधायचा आणि मग पहिल्या खंडात जाऊन तो पडताळायचा. नुसत्या सूचीवर विसंबायचे नाही. दुसरा नियम त्याहून महत्त्वाचा. डॉक्टरांनी लिहिल्याखेरीज नंबर द्यायचा नाही. आपल्या मनाने रोग ठरवायचा नाही. तिसरी गोष्ट म्हणजे नऊचा मोह. ज्या नंबराच्या शेवटी '.९' असते त्याचा अर्थ बहुधा 'तपशील दिलेला नाही' असा असतो. 'एच २५.९' म्हणजे म्हातारपणचा मोतीबिंदू, कसला ते विचारू नका! भरल्या दवाखान्यात हा नऊ फार गोड वाटतो. पण साऱ्याच नोंदी नवात टाकल्या तर नोंद ठेवण्याचे कष्ट घेतलेच कशाला?

माझा खरा शिकवणीदार म्हणजे माझा भाचा. तो पुण्याला असतो आणि रात्री जागून अमेरिकेतल्या दवाखान्यांचे नंबर घालतो. आपल्या देशातल्या हजारो तरुणांचा हा आता व्यवसायच झाला आहे. गणपतीच्या सुटीत तो आला आणि माझे खंड उघडून बसला.

"मावशी, तुझं पुस्तक फार सोपं आहे गं," तो म्हणाला. "आमच्याकडे डोळा उजवा की डावा तेही नंबरातच सांगावं लागतं. मोतीबिंदूच्या गाभ्यात 'एच २५.११' म्हणजे उजवा, बारा म्हणजे डावा, तेरा म्हणजे दोन्ही. एक आकडा चुकला की विमा कंपनी पैसे अडवते."

त्याने सांगितले की अमेरिकेने १ ऑक्टोबर २०१५ रोजी नववी पद्धत सोडून दहावी घेतली, तेव्हा १४ हजारांच्या आसपास असलेले नंबर एकदम ७० हजारांच्या घरात गेले. 

"बदकानं मारलं तरी नंबर आहे," तो हसत म्हणाला, "डब्ल्यू ६१.६२!"

"बदकाचं कौतुक मला नको," मी म्हटले. "धानाची पात डोळ्यात गेली तर काय लिहायचं ते सांग."

तो हसायचा थांबला. पाने उलटली आणि म्हणाला, "आहे की. डब्ल्यू ६०. काटे, कुसे आणि धारदार पाती."

शहरातल्या वाचकांना सांगायला हवे, की आमच्या भागात धान हेच जीवन आहे. निंदण, कापणी, मळणी या साऱ्या कामांत पात डोळ्याला लागते, कुसळ उडते. दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ दिसते आणि आपल्यातले मुसळ दिसत नाही, ही म्हण आपण फार ऐटीत वापरतो. बुबुळात अडकलेल्या खऱ्या कुसळाचा नंबर 'टी १५.०' आहे आणि ते मुळीच विनोदी नसते. ओरखडा लहान असतो, पण झाडपाल्याबरोबर बुरशीही आत जाते. मग कोणी पाल्याचा रस घालतो, कोणी दुकानातून मिळतील ते थेंब आणतो. त्या थेंबांत स्टेरॉइड असले तर बुरशीचे फावते. जखम चिघळते आणि शेवटी डोळ्यात पांढरे फूल पडते.

आमच्या जुन्या वहीत अशा माणसापुढे एकच शब्द असे, 'फूल'. किती सुंदर शब्द आणि किती भयंकर वस्तू!

त्याच पावसाळ्यात ब्रह्मपुरीकडची एक मजूर बाई आली. रोवणीच्या दिवसांत पात लागली होती. तिचे कागद डॉक्टरांनी नव्या पद्धतीने लिहिले आणि मी नंबर घातले. बुबुळाला ओरखडा, 'एस ०५.०'. कशाने, 'डब्ल्यू ६०'. पुढच्या भेटीत व्रण, 'एच १६.०'. आणि कित्येक आठवड्यांनी, मध्यावर राहिलेला पांढरा डाग, 'एच १७.१'. चार नंबर एकाखाली एक लिहिले आणि माझा हात थांबला. एका डोळ्याची अख्खी कहाणी तिथे होती. पहिल्या आणि तिसऱ्या नंबराच्या मध्ये वेळीच औषध मिळाले असते तर चौथा लिहावा लागला नसता.

मी भाच्याला फोन केला. म्हटले, "अरे, पात लागली त्या दिवसापासून ती इथं पोचेपर्यंत आठ दिवस गेले. त्या आठ दिवसांना नंबर नाही का?"

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मावशी, शेवटचं प्रकरण काढ. झेड ७५.३ बघ."

मी पाहिले. वैद्यकीय सेवा उपलब्ध नसणे किंवा तिथवर पोचता न येणे! जिनीव्हाच्या त्या कोरड्या पुस्तकात आमच्या वाटाही होत्या. पर्लकोटेला पूर आला की भामरागड जगापासून तुटते, हे तिथे कोणाला ठाऊक असणार? पण अशा माणसासाठी त्यांनी एक ओळ राखून ठेवली होती.

डॉक्टरांना दाखवले. नियमाप्रमाणे मी माझ्या मनाने ती लिहू शकत नव्हते. तेव्हापासून ते प्रत्येक रोग्याला विचारतात, 'लागल्यावर किती दिवसांनी आलात, आणि का?' रस्ता नव्हता, नदी भरली होती, असे उत्तर आले तर ते तसे लिहितात आणि मी नंबर घालते. वर्षाच्या शेवटी वही चाळली तर 'डब्ल्यू ६०' कोणत्या महिन्यात गर्दी करतो आणि 'झेड ७५.३' कोणत्या तालुक्यांतून येतो, हे डोळ्यांना दिसते. आता रोवणी आणि कापणीच्या आधी आमची माणसे गावोगावच्या आशाताईंना जाऊन सांगतात, की डोळ्याला पात लागली तर रस घालू नका, त्याच दिवशी दाखवा.

असाच धडा रातांधळेपणाने दिला. मूल संध्याकाळी ठेचकाळते, हे लक्षण एकच. पण अ जीवनसत्त्वाच्या अभावाने असेल तर तो डोळ्यांच्या प्रकरणात बसतच नाही. पुस्तक त्याला पोषणाच्या प्रकरणात 'ई ५०.५' म्हणून पाठवते. दृष्टिपटलाच्या आनुवंशिक विकाराने असेल तर 'एच ३५.५'. पहिला औषधाने आणि आहाराने बरा होतो. दुसऱ्याला अजून बहुधा तसा उतारा नाही. नऊ महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत मुलांना अ जीवनसत्त्वाचे नऊ डोस देतात ते याचसाठी. चुकीच्या घरात नोंद गेली तर उपाशी पोराचा दोष त्याच्या नशिबावर लिहिला जाईल.

कारणे मोजण्याचे मोल देशालाही कळले आहे. आपला अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ साली सुरू झाला. २०१५ ते २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत पन्नाशीपुढील लोकांच्या अंधत्वात ६६.२ टक्के वाटा मोतीबिंदूचा निघाला. म्हणजे शंभरातले सहासष्ट अंध असे, की ज्यांच्या रोगावर एका लहानशा शस्त्रक्रियेचा उपाय आहे. हे कळते ते कोणीतरी कारण नीट लिहिले म्हणूनच.

आता अकरावी आवृत्तीही आली आहे. २०१९ मध्ये ती मंजूर झाली आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. एक आणि शून्य यांच्याशी घोटाळा होऊ नये म्हणून तिच्या नंबरांतून 'आय' आणि 'ओ' ही दोन अक्षरे गाळली आहेत. देशोदेशीचे दप्तर हळूहळू तिकडे वळत आहे. आमच्याकडेही ती येईल आणि मला पुन्हा पहिलीत बसावे लागेल. चाळिशी चढवून बसेन. तिचा तिथला नंबर '९डी००.३' आहे, एवढा धडा मी आधीच पाठ करून ठेवला आहे.

वाचकहो, सणाच्या दिवसांत घरातल्या वडीलधाऱ्यांचे डोळे तपासून घ्याल तेव्हा एक करा. कागदावर डॉक्टरांनी रोगाचे पूर्ण नाव लिहिले आहे की नाही ते पाहा, डोळा कोणता ते लिहिले आहे का ते पाहा, आणि तो कागद फराळाच्या डब्याखाली न घालता जपून ठेवा. पुढच्या डॉक्टरला तो उपयोगी पडेल. शिवाय त्या कागदाची एक ओळ कुठेतरी मोजली जाते, आणि ज्यांची ओळ मोजली जाते त्यांच्यासाठीच औषध, डॉक्टर आणि कधीकाळी रस्ताही निघतो.