कळलावीची खरी कळ

श्रावण-भाद्रपदात सह्याद्रीच्या उतारावर, कोकणातल्या कुंपणांवर आगीच्या जिभांसारखी फुलं दिसतात. पाकळ्या उलट्या वळलेल्या, आधी हिरव्या-पिवळ्या, मग लालभडक. ही कळलावी, म्हणजेच अग्निशिखा. पानाचं टोक तणाव्यासारखं गुंडाळून ती आधार धरत वर चढते.

घरात आणली की भांडणं लागतात, हा हिच्याबद्दलचा लाडका समज. दोष नावाचा. 'कळ लावणं' म्हणजे आग लावणं, हे आपल्या जिभेवर बसलेलं. पण ही कळ पोटातली, बाळंतपणाची. अडलेल्या बाईच्या बेंबीवर, तळपायांवर हिच्या कंदाचा लेप लावत. त्या वापरावरून हे नाव. भांडणाचं म्हणाल, तर कोकणात काही ठिकाणी याच फुलांना गौरीचे हात म्हणतात आणि गौरीबरोबर ती घरात येतात. त्या घरांत सासू-सुनांचं वाजत असेलच, तर त्याला कळलावी लागत नाही.

भीती हवी ती दुसरीच. 'झाडपाल्याचं औषध, अपाय कसला?' हा समज इथे जिवावर बेततो. कळलावीच्या सगळ्या भागांत, विशेषतः कंदात आणि बियांत, कोल्चिसीन हे विष असतं. ते पेशींचं विभाजनच थांबवतं. पोटात गेलं की काही तासांत उलट्या-जुलाब सुरू होतात. मग थोडं बरं वाटतं, माणूस सावरला असं घरचे धरतात, आणि नंतर रक्त तयार करणारी अस्थिमज्जा कोलमडते. वाचलेल्यांचे केसही गळतात. कंद रताळ्यासारखा दिसतो, म्हणून श्रीलंकेत लोकांनी तो चुकून खाल्ला आहे. उकडल्यानं विष जात नाही. आयुर्वेदानेही 'लांगली' नावाने हिला उपविषांत घातलं आणि शोधन, म्हणजे शुद्धी, केल्याशिवाय वापरू नये असं बजावलं.

'हिचंच औषध गाऊटला देतात, मग कंद उगाळून घेतला तर?' देतात, खरं आहे. पण कोल्चिसीनची गोळी असते 0.5 मिलिग्रॅमची, आणि औषध व विष यांतलं अंतर फार थोडं. सहाणेवर उगाळलेल्या कंदात ते किती उतरलं, हे कोण मोजणार? बेंबीवरचा लेपही आता नको. अडलेल्या बाईला वेळेत दवाखान्यात न्यायचं.

कोकणात हिला बचनागही म्हणतात. हिमालयातला खरा बचनाग वेगळा, तोही जहालच. आणि नुसतं फूल हातात घेतल्यानं कोणी मरत नाही. तमिळनाडूने तर हिला राज्यफूल केलंय. तिथे बियांसाठी हिची शेती होते. घ्या हातात, पण कंद उकरू नका आणि नंतर हात धुवा.